निरोप अडवायचा की कारण?

मुंबईच्या उपनगरांत किडनीच्या आजाराबद्दल दोन तऱ्हांनी बोललं जातं. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या दवाखान्यांत क्रिएटिनिन, बीपी, शुगर आणि शेवटी डायलिसिस हे शब्द कानावर येतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच आजाराची चर्चा ग्रोथ फॅक्टर, रिसेप्टर आणि फायब्रोसिस अशा शब्दांत चालते. पुढच्या संवादातले मामा-भाची या दोन बाजूंचे प्रातिनिधिक आवाज आहेत. मामा घाटकोपर पश्चिमेच्या भटवाडीतला फॅमिली डॉक्टर, भाची पवईत पेशीजीवशास्त्रात पीएचडी करणारी. किडनी हळूहळू निकामी करणारी प्रक्रिया अडवायची कुठे, बाहेरच्या कारणापाशी की पेशींमधल्या निरोपापाशी, यावर त्यांचं जमत नाही.

मामा : माझ्याकडे येणाऱ्यांच्या किडन्या तीन गोष्टी बिघडवतात. शुगर, बीपी आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये पाहणी केली. १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांत सुमारे ३४ टक्क्यांचा रक्तदाब जास्त निघाला आणि सुमारे १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर. शत्रू इतका उघड्यावर उभा असताना पेशीच्या आत डोकावून काय मिळवायचंय तुम्हाला?

भाची : साखर किडनी बिघडवते म्हणतोस. पण कशी? साखर म्हणजे काही ॲसिड नाही. ती वाढली म्हणून दुसऱ्या दिवशी किडनीची चाळणी फाटत नाही. लघवीत प्रथिनं दिसायला लागण्याआधी अनेकांची वर्षंच्या वर्षं जातात. त्या मधल्या वर्षांत आत काय चाललेलं असतं?

मामा : नासधूस. दुसरं काय?

भाची : दुरुस्ती. आणि पंचाईत तिथेच आहे. इजा झाली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात: विभागा, इकडे सरका, भेग बुजवा. हे निरोप नेणारी प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर. प्रत्येकाचा रिसेप्टर ठरलेला. रिसेप्टरला प्रथिन चिकटलं की पेशीच्या आत एकामागून एक रेणू चेतवले जातात, आणि शेवटी केंद्रकातली ठरावीक जनुकं चालू होतात. किडनीतल्या पेशी हे दिवसरात्र करत असतात.

मामा : म्हणजे किडनीला तिच्या औषधानेच मारलं, असं तुझं म्हणणं.

भाची : औषध किती दिवस चालू राहिलं, यावर ते ठरतं. स्टॅन्ली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ होते, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क त्यांनी नवजात पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्या अर्कातलं प्रथिन म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना मिळालं ते अशाच शोधांसाठी. आणि माणसाचं ईजीएफ १९७५ मध्ये वेगळं केलं गेलं ते कशातून, सांग.

मामा : तू विचारतेयस म्हणजे लघवीतूनच असणार.

भाची : लघवीतूनच. कारण किडनीच्या नलिका ते स्वतः बनवतात आणि लघवीत सोडतात. धडधाकट किडनीचं ते रोजचं काम आहे. त्यामुळे ग्रोथ फॅक्टर म्हणजे आजार, असं मी म्हणतच नाही.

मामा : या दुरुस्तीचा अनुभव माझ्याकडेही आहे, फक्त तुझी नावं नव्हती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुर्ला, अंधेरी, घाटकोपर, सगळीकडे लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले. आठवड्या-दोन आठवड्यांनी तापाचे पेशंट सुरू झाले. लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतला जंतू, पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात. डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, आणि काहींची लघवी जवळजवळ बंद. मोठ्या हॉस्पिटलला पाठवले, तिथे काहींना डायलिसिस लागलं. पण जे वाचले त्यातल्या बहुतेकांचं क्रिएटिनिन काही आठवड्यांत खाली आलं. जंतू मेला, किडनी सावरली. माझा मुद्दा हाच आहे. कारण काढा, किडनी आपलं आपण बघून घेते.

भाची : पण ती सावरली कशी, तेही बघ ना. लेप्टोचा जंतू नलिकांच्या पेशींवर हल्ला करतो. काही पेशी मरतात, सुटून लघवीत वाहून जातात. उरलेल्या पेशी चपट्या होतात, उघड्या पडलेल्या जागेवर पसरतात, विभागतात आणि पुन्हा मूळ रूपात येतात. ईजीएफचा रिसेप्टर त्यांना हेच करायला लावतो. २०१२ मध्ये कोहेन यांच्याच विद्यापीठात काही उंदरांच्या नलिकांमधून हा रिसेप्टर काढून टाकला. किडनीला अचानक इजा केल्यावर ते उंदीर सावरले, पण उशिरा. त्याच गटाने त्याच वर्षी दुसरा प्रयोग केला. तशाच उंदरांना अँजिओटेन्सिन हे बीपी चढवणारं संप्रेरक सतत देत राहिले. या वेळी रिसेप्टर नसलेल्यांच्या किडनीत व्रण कमी पडले.

मामा : एकाच रिसेप्टरचे दोन निकाल?

भाची : हो. इजा थोड्या दिवसांची असेल तर तो तारतो, ती संपतच नसेल तर तोच मारतो. तुझा लेप्टोचा पेशंट आणि तुझा शुगरचा पेशंट यांच्यात फरक आहे तो काळाचा.

मामा : बरं, शुगरचं सांग. पण माझ्या पेशंटला समजावता येईल असं सांग.

भाची : दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर जातो, बाकीचा परत रक्तात. प्रत्येक किडनीत अशा सुमारे दहा लाख गाळण्या. गाळणीतल्या केशवाहिन्यांच्या झुबक्याला आधार देणाऱ्या पेशी असतात, मेसँजियल पेशी. साखर सतत जास्त, झुबक्यातला दाब सतत जास्त. अशा वेळी या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा ग्रोथ फॅक्टर सोडतात. तो आधी दुसऱ्या प्रथिनात गुंडाळलेला, निष्क्रिय असतो. मोकळा झाला की पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतो, आतली स्मॅड नावाची प्रथिनं केंद्रकात जातात आणि कोलॅजेन बनवा असा हुकूम सुटतो. या साखळीला ब्रेकही आहे, स्मॅड-७. दीर्घ आजारात तो ब्रेकच झिजतो.

मामा : आणि कोलॅजेन म्हणजे जखमेवर येतं तेच.

भाची : तेच. हातावरच्या जखमेवर आलं तर व्रण राहतो, बिघडत काही नाही. किडनीत मात्र जागाच नसते. चाळीत एखाद्या बिऱ्हाडाची भिंत गळते म्हणून दर पावसाळ्यात सिमेंट थापत राहिलं, पण वरचा फुटका पाइप कुणी बदललाच नाही, तर दहा वर्षांत भिंत जाड होते, खोली लहान होते आणि गळती तशीच राहते. गाळणीचं तेच होतं. झुबका भरत जातो, नलिकांमधली जागा भरत जाते, आणि गाळणी बंद पडते.

मामा : या उदाहरणात मी प्लंबर आहे. पाइप बदला, असंच मी केव्हापासून सांगतोय. आता तुमच्या बाजूचं विचारतो. टीजीएफ-बीटा व्रण पाडतो हे किती वर्षांपासून माहीत आहे?

भाची : १९९० पासून. वेन बॉर्डर आणि एर्की रुओस्लाह्ती यांच्या गटाने किडनीला सूज आणलेल्या उंदरांना टीजीएफ-बीटाविरुद्धचा सीरम दिला. गाळणीत साठणारा मालमसाला कमी झाला. पुढे मधुमेही उंदरांतही तसंच दिसलं.

मामा : म्हणजे पस्तीस वर्षं झाली. मग माझ्या कपाटात ते औषध का नाही?

भाची : प्रयत्न झाला. मधुमेहाने किडनी बिघडलेल्या चारशेहून जास्त माणसांवर टीजीएफ-बीटाविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. फायदा दिसण्याची शक्यताच उरली नाही म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली होती.

मामा : झालं तर मग! निरोप्याला पकडलं आणि काहीच झालं नाही.

भाची : झालं नाही, खरं आहे. का, ते ऐक. हा निरोप फक्त व्रणाचा नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून एक निबंध आला, त्यावर पहिलं नाव अशोक कुलकर्णी. टीजीएफ-बीटा १ चं जनुक नसलेले उंदीर जन्मले, थोडे दिवस बरे राहिले आणि तीन-चार आठवड्यांत मेले. हृदय, फुप्फुसं, सगळीकडे दाह. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटू नये यासाठी हाच निरोप लागतो. म्हणून माणसात तो पुरता बंद करता येत नाही आणि अर्धवट अडवला तर पुरत नाही. शिवाय चाचणीतल्या लोकांची किडनी आधीच बरीच गेलेली होती, आणि बीपीची ठरावीक गोळी ते सगळे घेतच होते.

मामा : बीपीची गोळी घेत होते, त्याचा इथे काय संबंध?

भाची : तू लोसार्टन देतोस, टेल्मिसार्टन देतोस, रॅमिप्रिल देतोस. कशासाठी?

मामा : बीपीसाठी. शुगर असून लघवीत प्रथिनं जात असतील तर किडनीसाठीही. या गोळ्या अँजिओटेन्सिनचं काम अडवतात, गाळणीतला दाब उतरतो.

भाची : दाब उतरतो, आणि आणखीही काही होतं. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, तसंच मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा बनवायलाही लावतं. हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. ईजीएफच्या रिसेप्टरलाही ते आडवाटेने चेतवतं. म्हणजे भटवाडीत बसून तू रोज ग्रोथ फॅक्टरवरचं औषध लिहितोयस. अँटिबॉडीच्या चाचणीतले लोक ते आधीच घेत होते, तेव्हा निरोपाचा एक मोठा वाटा तुझ्या स्वस्त गोळीनेच अडवलेला होता.

मामा : थांब, याचं श्रेय मी तुला देणार नाही. कॅप्टोप्रिलची चाचणी १९९३ मध्ये आली, तुझ्या शोधाच्या आधी. टाइप १ मधुमेहात मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आला होता. २००१ मध्ये लोसार्टनची चाचणी, १५१३ पेशंट, किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. आधी औषध चाललं, मग तुम्ही लोकांनी आत जाऊन कारण शोधलं. अलीकडच्या ग्लिफ्लोझिनचंही तेच. साखर लघवीवाटे काढण्यासाठी आणलेली गोळी. २०२० च्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने किडनीचे मोठे आघात ३९ टक्क्यांनी कमी केले, आणि ज्यांना मधुमेह नव्हता त्यांनाही फायदा झाला. कुणी रेणू बघून ती बनवली होती का व्रण थांबवायला?

भाची : व्रण थांबवायला नव्हती बनवली. पण रेणू बघूनच बनवली. नलिकेत साखर परत शोषून घेणारं एक वाहक प्रथिन आहे, ते ओळखलं नसतं तर ग्लिफ्लोझिन आलंच नसतं. तुझं एवढं मान्य करते, की आम्ही एका दारावर टकटक केली आणि दुसरंच दार उघडलं.

मामा : आणि ते दार भटवाडीला कधी उघडलं? ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंट संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि भाव धाडकन खाली आला, तेव्हा. त्याआधी मी ती चिठ्ठीवर लिहिली तरी पेशंट महिनाभर घेऊन सोडून द्यायचा. तुमची अँटिबॉडी यशस्वी झाली असती तरी माझ्या पेशंटला ती परवडली असती का? औषध शरीरात कुठे लागू पडतं हे तू बघतेस. ते गल्लीत पोहोचतं का, हे मला बघावं लागतं.

भाची : भावाचा मुद्दा खोडता येणार नाही. पण आज स्वस्त असलेली प्रत्येक गोळी कधीतरी महाग आणि नवी होती. आता माझा एक प्रश्न. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून डोळ्यात इंजेक्शनं घेणारे तुझ्याकडे असतील.

मामा : आहेत की. इंजेक्शनं घ्यायला जातात आणि बीपी तपासायला माझ्याकडे येतात.

भाची : त्यांतली बरीच इंजेक्शनं व्हीईजीएफ या ग्रोथ फॅक्टरविरुद्ध असतात. डोळ्यात तो नको तिथे नव्या रक्तवाहिन्या वाढवतो, म्हणून अडवायचा. पण किडनीच्या गाळणीत तोच रोज लागतो. गाळणीच्या बाहेरून हातपाय पसरून बसलेल्या पोडोसाइट पेशी तो बनवतात आणि केशवाहिन्यांचं अस्तर त्याच्यावर टिकतं. कॅन्सरसाठी याच प्रथिनाविरुद्धचं औषध शिरेतून मोठ्या मात्रेत देतात, तेव्हा काहींचं बीपी चढतं, लघवीत प्रथिनं जातात. गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं जातात, तो आजारही याच्याशी जोडलेला. बॉस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की वारेतून सुटणारं एक प्रथिन रक्तातला व्हीईजीएफ शोषून घेतं.

मामा : मग डोळ्याचं इंजेक्शन बंद करायला सांगू?

भाची : अजिबात नको, दृष्टी जाईल. डोळ्यातली मात्रा फार थोडी असते. पण काही पेशंटमध्ये त्यानंतर बीपी किंवा लघवीतली प्रथिनं वाढल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा या इंजेक्शनांच्या काळात बीपीकडे आणि लघवीकडे जरा जास्त लक्ष दे. व्हीईजीएफ कमी पडला तरी गाळणी बिघडते, मधुमेहाच्या सुरुवातीला तो जास्त झाला तरी बिघडते. ‘वाईट रेणू शोधा आणि मारा’ हा विचार म्हणूनच किडनीत चालत नाही.

मामा : हे तू माझ्याच बाजूने बोललीस. निरोप अडवणं धोक्याचं. म्हणून कारण काढा.

भाची : आणि कारण काढता येत नसेल तर? आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं जनुक, किडनीत पाण्याच्या गाठी, पॉलिसिस्टिक किडनी. त्यात ईजीएफचा रिसेप्टर पेशीच्या भलत्याच बाजूला बसलेला आढळतो, आणि गाठीतल्या पाण्यातल्या ईजीएफमुळे पेशी वाढतच राहतात. काय कारण काढशील? गोव्यात काणकोणला शेतकरी आणि मजूर यांच्यात किडनीचा आजार दिसतो, ज्यांना ना शुगर, ना आधीचं बीपी. विदर्भाच्या खारपाण पट्ट्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पितात, तिथेही किडनीच्या तक्रारींबद्दल बोललं जातं. पाणी, ऊन, कीटकनाशकं, बरेच संशयित आहेत, दोषी अजून पक्का नाही. काणकोणच्या माणसाला ‘कारण काढा’ हा सल्ला तू कसा देणार?

मामा : त्याला मी बीपी सांभाळायला सांगेन, पेनकिलर बंद करेन. त्यापुढे माझ्या हातात काही नाही, हे खरं.

भाची : माझं काम तिथे सुरू होतं. कारणं वेगळाली असली तरी शेवटचा रस्ता एकच. मधुमेह असो, आयजीए नेफ्रोपथी नावाचा किडनीचा आजार असो, काणकोण असो, बायॉप्सीत शेवटी तोच व्रण दिसतो. केशवाहिन्यांना बिलगून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. व्रणाचे धागे विणणाऱ्या बऱ्याच पेशी यांच्यातूनच बनतात, असं २०१० च्या सुमारास उंदरांत पेशींचा माग काढून दाखवलं. पीडीजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर त्यांना बोलावतो, टीजीएफ-बीटा कामाला लावतो. या पेशी जागा सोडून गेल्या की केशवाहिन्या ढासळतात, प्राणवायू कमी पोहोचतो, नलिका आणखी जखमी होतात आणि पुन्हा तेच निरोप सोडतात. २०१० मध्येच जोसेफ बॉन्व्हेंटर यांच्या गटाने दाखवलं, की जबर इजेनंतर काही नलिका-पेशी विभागता विभागता मध्येच अडकतात. ना पुढे जातात, ना मागे फिरतात, आणि अडकल्या अवस्थेत टीजीएफ-बीटा बनवत बसतात.

मामा : म्हणजे लेप्टोतून सावरलेल्यातही काही अडकलेल्या पेशी राहू शकतात?

भाची : राहू शकतात. म्हणून एकदा किडनीला असा झटका बसलेल्या माणसाला पुढे दीर्घ आजाराचा धोका जास्त असतो. क्रिएटिनिन उतरलं म्हणून फाइल बंद करायची नाही. तू म्हणालास, जंतू मेला, किडनी सावरली. बहुतेकांत खरं, सगळ्यांत नाही. आणि आणखी एक. व्रण जुना झाला की ऊती ताठर होते. त्या ताठरपणाचा ताणच गुंडाळून ठेवलेला टीजीएफ-बीटा मोकळा करतो. मग मूळ कारण काढलं तरी निरोप चालूच. तिथे तुझा प्लंबर पोहोचला तरी उशीर झालेला असतो.

मामा : त्या टप्प्यावरचे लोक मला रोज दिसतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हातावर फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेचा, फुगवटा, डब्यात जेवण मोजून, पाणी मोजून. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रमही आहे, म्हणून निदान मशिनचा खर्च कित्येकांचा भागतो. पण गेलेला रोजगार कोण भरून देणार? आणि मरतात ते बऱ्याचदा हृदयाने.

भाची : तिथेही एक ग्रोथ फॅक्टर आहे, एफजीएफ-२३. हाडं तो बनवतात, फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकायला. किडनी ऐकेनाशी झाली की हाडं तो वाढवतच नेतात. २०११ मध्ये दाखवलं गेलं, की तो थेट हृदयाच्या स्नायूंना जाडजूड करू शकतो. या लोकांना तू काय सांगणार? कारण काढा? त्यांच्यासाठी कुणीतरी व्रणाच्याच मागे लागायला हवं. पिरफेनिडोन फुप्फुसाच्या व्रणासाठी वापरतात. मधुमेही किडनीवर त्याचा ७७ जणांचा छोटा अभ्यास २०११ मध्ये झाला, त्यात कमी मात्रेच्या गटात काहीसा फायदा दिसला. आशा ठेवावी एवढं आहे, चिठ्ठीवर लिहावं एवढं नाही.

मामा : हे वाक्य मला आवडलं. तुमच्यातले सगळे असं बोलत नाहीत. पण मग हिशोब असा झाला. सुरुवातीला माझं चालतं, शेवटी तुझं चालायला हवं पण अजून चालत नाही. मग पैसा आणि माणसं सुरुवातीला लावा ना!

भाची : सुरुवात ओळखायची कशी? लघवीला फेस येतो, पायावर सूज आहे, असं पेशंट सांगतो तेव्हा ती सुरुवात नसते. तू मधुमेह्यांची लघवी कशी तपासतोस?

मामा : युरीन रुटीन. प्रोटीन निल आलं की बरं वाटतं.

भाची : त्या तपासणीतल्या साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसत नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एसीआर, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम असेल तर पट्टी बऱ्याचदा निल सांगते. गाळणीत दुरुस्ती लांबत चालल्याची खूण याच आकड्यांत मिळते, आणि तुझ्या सार्टनचा, ग्लिफ्लोझिनचा उपयोग इथून सुरू करण्यात सगळ्यात जास्त आहे. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्या दिवसापासून वर्षातून एकदा ती व्हायला हवी. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा भरपूर व्यायाम असेल तर आकडा उगाच वाढतो, म्हणून एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नाही.

मामा : काही शे रुपयांची तपासणी. पेशंट म्हणतो, शुगरचे पैसे दिले, आता लघवीचे कशाला? आणि मी सोडून देतो, कारण बाहेर पंधरा जण बसलेले असतात.

भाची : ज्याचं आधीच क्रिएटिनिन चढलंय त्यापेक्षा या माणसाला तू जास्त वाचवू शकतोस. याचा निरोप अडवायला अजून वेळ आहे.

मामा : बरं, तुझ्या भाषेत विचारतो. तुमच्या त्या ईजीएफची तपासणी नाही का करता येत? किडनी स्वतः बनवते म्हणालीस.

भाची : म्हणूनच त्यावर काम झालंय. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात लघवीतलं ईजीएफ जितकं कमी, तितका आजार वेगाने पुढे सरकतो, असं दिसलं. ते नलिका जिवंत असल्याची पावती आहे. अल्ब्युमिन सांगतं गाळणी गळतेय, ईजीएफ सांगतं नलिका किती शिल्लक आहेत. पण नेहमीच्या लॅबमध्ये ते अजून येत नाही. आलं की तुला पहिला फोन करते.

मामा : मग आज मी काय करू ते सांग, आणि मग तू तुझं काम कर. एसीआर माझ्या शुगरच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा, मान्य. पावसाळ्यात लेप्टोने किडनीला झटका बसलेल्यांना तीन महिन्यांनी परत बोलवायचं, तेही मान्य. पण एक गोष्ट मी तुझ्याकडून मान्य करून घेणार. तुमच्या चाचण्यांत माझ्यासारख्यांचे पेशंट लवकरच्या टप्प्यावर घ्या. व्रण ताठर झाल्यावर निरोप अडवायला गेलात आणि मग म्हणालात औषध चालत नाही, तर तो औषधाचा दोष की तुमच्या घड्याळाचा?

भाची : आमच्या घड्याळाचा, असं मला वाटतं. पण लवकरच्या टप्प्यावर चाचणी घ्यायची तर ती जास्त वर्षं चालवावी लागते, जास्त माणसं लागतात, आणि ज्यांना अजून काहीच होत नाही त्यांना धोक्याचं औषध द्यायचं का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला आज देता येत नाही.

मामा : उत्तर नाही हे कबूल केलंस, हे बरं केलंस. तोवर मी लोकांना जुने रिपोर्ट टाकू नका म्हणून सांगतो. आमच्याकडे घर आवरताना पहिली रवानगी रिपोर्टांची होते.

भाची : ते नक्की सांग. एका रिपोर्टवरून किडनी आज कुठे आहे तेवढं कळतं. तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेवार लावले की ती किती वेगाने चाललीय ते कळतं. दुरुस्ती संपली आहे की चालूच आहे, हे तुला त्या वेगावरूनच ओळखायचंय. गोळी तू लवकर सुरू करायचीस की मी नव्या औषधाची वाट बघायची, हेही पेशंटगणिक तो वेगच ठरवेल.